अठ्ठाविसावा भाग

रावजींनी एसटीच्या खिडकीतून रुमाल आत टाकला आणि ते दाराकडे वळले. ते वर चढेपर्यंत एका बाईनं तो रुमाल उचलून मांडीवर ठेवला होता आणि त्या जागेवर ती ऐसपैस बसलीही होती. रावजी तिच्यासमोर क्षणभर उभे राहिले. काही बोलावं असं वाटलं, पण शब्द जुळेनात. मग ते गुमान मागं गेले आणि दांडीला धरून उभे राहिले. रुमालसुद्धा मागितला नाही.

गाडी इंदापूरच्या स्टँडबाहेर पडली तसा त्यांचा मोकळा हात छातीशी गेला. शर्टाच्या आतल्या खिशात एक पत्र होतं. चार महिन्यांपूर्वी आलेलं. त्याला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र पाठ झालं होतं. कळंबच्या सर्जेराव नावाच्या शिक्षकांनी लिहिलेलं, फळ्यावर लिहावं तसं ठळक, सरळ ओळींत.

‘आदरणीय लेखक महोदय, माझी राजनंदिनी नावाची एक विद्यार्थिनी आहे. लांब बेंगळुरूला शिकायला गेली होती. पहिल्याच वर्षी सगळे विषय राहिले आणि ती परत आली. आता घराबाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही. आपली विज्ञानमालिका मात्र वाचते. सत्ताविसाव्या भागानंतर मालिका थांबली. ती विचारते, सोहनी सरांचा ऋतावरचा विश्वास खरा ठरतो का? ऋता यंत्र दुरुस्त करून परत येते, एवढे दोन शब्द कळवलेत तरी मी तिला सांगेन. उलट टपाली उत्तर यावे ही विनंती. उशीर परवडणार नाही.’

कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातली साखर मोजण्यात रावजींची चौतीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक गोष्ट लिहिली आणि बारामतीच्या एका साप्ताहिकाला पाठवून दिली. संपादक विजयसिंहांनी ती छापली आणि पुढची मागितली. तिथून ही मालिका सुरू झाली. शनीच्या कड्यांमध्ये माणसांची एक वसाहत. कड्यांमधला बर्फ वितळवून पाणी देणारं लांबवरचं यंत्र बंद पडतं. ते दुरुस्त करायला कुणाला पाठवायचं, यावर वसाहतीच्या कारभारी मंडळात वाद होतो. म्हातारे सोहनी सर आपल्या एकोणीस वर्षांच्या शिष्येचं, ऋताचं नाव सुचवतात. ती एकटी जाते, पोचते आणि तिथून तिचा आवाज येणं थांबतं. मंडळ म्हणतं, पोरगी पळाली. सोहनी म्हणतात, ती येईल. चार दिवसांचं पाणी उरलेलं असतं. सत्ताविसावा भाग इथं संपला होता.

अठ्ठाविसावा रावजींना लिहिता आला नाही. ऋता परतली असं लिहिलं की खोटं वाटे. परतली नाही असं लिहिलं की पेन पुढं जात नसे. त्यात हे पत्र आलं. त्याचं उत्तर त्यांनी अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा फाडलं. एका आजारी पोरीला आपण कुठल्या अधिकारानं ‘येते’ म्हणून सांगायचं? आपल्याला काय कळतं? आयुष्यात आपण कुणावर विश्वास टाकला नाही आणि कुणी आपल्यावर टाकावा असंही काही केलं नाही.

काल विजयसिंहांचा फोन आला होता.

“तात्या, ते कळंबचे सर आठवतात का? तुमचा नंबर मागायचे सारखे. तुम्ही देऊ नका म्हणाला होतात.”

“हं.”

“आज परत फोन होता त्यांचा. म्हणाले, लेखकांना सांगा, आता उत्तर नाही दिलं तरी चालेल.”

“आता म्हणजे?”

“तेवढंच म्हणाले आणि ठेवला.”

रावजी फोन हातात धरून तसेच बसून राहिले होते. थोरली बहीण छबूबाई दारात भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“चार म्हयनं त्ये पत्र उशाला घिऊन झोपलास,” ती म्हणाली. “दोन वळी लिवायला हात मोडला व्हता का तुझा?”

“काय लिहायचं ते कळत नव्हतं, आक्का.”

“तुला कंदी कळलंय? लगीन जमवायला गेल्तो तवाबी पोरीला नाव इचारायला कळलं न्हाय तुला. जा आता. जिती हाय का न्हाय ती, त्ये तरी बघून ये.”

गाडी जंक्शन गावाच्या फाट्यावर थांबली, वळली. दोन्ही बाजूंनी ऊस लागला. रावजींनी डोळे मिटून घेतले. पोचल्यावर कुणाला काय विचारायचं याची वाक्यं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य ‘ती आहे ना’ याच्यापाशी येऊन अडकत होतं.

कळंबच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या समोर तीच होती.

दोन खांबांच्या मध्ये दहा फुटी फ्लेक्स लावलेला. उन्हानं रंग उडालेला, एक कोपरा फाटून लोंबणारा. डोक्याला फेटा, गळ्यात हार, हसणारी मुलगी. चेहऱ्यावरचा लाल रंग उडून गेला होता आणि नुसता निळा उरला होता. ‘गावची शान, भावी शास्त्रज्ञ, कु. राजनंदिनी संभाजी हिचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ.’ खाली डाव्या बाजूला एका गोलात चष्मा लावलेल्या माणसाचा फोटो आणि त्याखाली ‘मार्गदर्शक’.

हार पाहून रावजींना क्षणभर तो श्रद्धांजलीचाच बोर्ड वाटला. ते शेजारच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसले.

“कुणीकडचं पावनं?” टपरीवाल्यानं विचारलं. टपरीवर ‘गेणूचा चहा’ असं लिहिलेलं होतं.

“इंदापूर. ही मुलगी… आहे ना?”

“हाय की.” गेणूनं कप पुढं केला. “म्हंजी, हाय म्हनायचं. पर आली तवापास्नं म्या काय बघितली न्हाय तिला. फाट्यावरच उतरली म्हनं अन् बॅग डोक्यावर घिऊन उसातनं चालत घरी गेली. सोताच्याच फोटूखालनं कसं जायाचं मानसानं?”

रावजींनी कप दोन्ही हातांनी धरला.

“मग हा उतरवत का नाहीत?”

“सर उतरू देत न्हाईत. त्यो खालचा गोल दिसतोय न्हवं, त्ये सर. पोरांनी दोनदा शिडी लावली. सर म्हनलं, बोर्ड काढला म्हंजी आपुन पोरीलाच काढल्यागत हुईल. ती परत जानार हाय. वाऱ्यानं पडाय लागला की सोता येऊन तारा आवळत्यात.” गेणू बोर्डाकडं बघत राहिला. “मानूस देवावानी हाय, पर हट्टी. गावातली पोरं आता त्यांनाच भावी शास्त्रज्ञ म्हनत्यात, मागनं.”

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. सर्जेराव प्रयोगशाळेला कुलूप लावत होते. पन्नाशीचा उंच माणूस. फोटोतल्यापेक्षा खूप वाळलेला. रावजी त्यांच्यापासून चार पावलांवर उभे राहिले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

“मी… ते पत्र. ऋता.”

सर्जेरावांनी वळून पाहिलं. किल्ली कुलपातच राहिली.

“तुम्ही रावजी?”

“हो.”

“आता काय उपयोग, आबा?” ते शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाचीच रावजींना भीती वाटली. “नऊ दिवस झाले. चहाशिवाय पोटात काही नाही तिच्या. तुमच्या मालिकेची कात्रणं होती तिच्याकडं, सत्तावीसच्या सत्तावीस. गेल्या आठवड्यात चुलीत घातली. तिच्या आईनं मिरचीवर मारायची औषधं घरातून उचलून शेजारी नेऊन ठेवलीत. ती बाई दिवसासुद्धा तिच्या दारात आडवी पडून असते, हिनं उठून कुठं जाऊ नये म्हणून.”

“डॉक्टर…”

“बारामतीला नेलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, गोळ्या देते, पण पोरीनं बोललं पाहिजे. कुणाशी बोलणार?” त्यांनी किल्ली फिरवली, कुलूप ओढून पाहिलं. “एकवीस वर्षं शिकवतोय. प्रश्न फळ्यावर पुरता लिहून व्हायच्या आत उत्तर देणारी एकच निघाली. मी सगळ्या गावाला सांगितलं होतं, ही कोण होणार ते लिहून ठेवा. आजही सांगतो. लोक हसतात. हसू देत. पण आबा, खरं सांगा, तुम्ही एवढं लिहिलंत. सोहनी सर चुकले का?”

“मला माहीत नाही.”

“तुम्ही लिहिलंय आणि तुम्हाला माहीत नाही?”

“म्हणूनच थांबलो.”

सर्जेराव त्यांच्याकडं पाहत राहिले. मग सायकल काढून हातात धरून चालू लागले. “चला. आलाच आहात, तर तिला तोंड दाखवा.”

राजनंदिनीच्या घराच्या फाटकाशी ते थांबले.

“मी आत येत नाही. मी गेलो की ती भिंतीकडं तोंड करते. रोज संध्याकाळी दारापर्यंत जातो, ‘तू परत जाणारच आहेस, मला खात्री आहे’ एवढं म्हणतो आणि येतो. एक दिवस चुकवला नाही.”

मिरचीच्या शेडनेटला लागून पत्र्याचं घर. खोलीच्या उंबऱ्याशी राजनंदिनीची आई, सिंधुबाई, बसली होती. डोळे सुजलेले.

“गोष्ट लिहिणारे आहेत ते,” सर्जेरावांनी फाटकातूनच सांगितलं.

सिंधुबाईनं रावजींना नीट न्याहाळलं. “बसा आबा. तिच्याच्यानं बोलनं हुईत न्हाय, राग मानू नगा.”

“माझ्याच्यानंही होत नाही,” रावजी म्हणाले आणि बाई थोडी बाजूला सरकली.

मुलगी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. फ्लेक्सवरच्या गालांचा मागमूस नव्हता. गुडघे पोटाशी घेतलेले, कान एकदम मोठे दिसत होते. रावजी लोखंडी खुर्चीवर बसले. नमस्कार म्हणायचाही राहून गेला. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रावजी आपल्या चपलांकडं पाहत राहिले. धीर देणारं एखादं वाक्य ते शोधत होते आणि सापडलेलं प्रत्येक वाक्य त्यांना दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं.

शेवटी तीच बोलली. आवाज वापरात नसल्यासारखा.

“तुम्ही काही सांगणार नाही?”

“मला येत नाही.”

ती त्यांच्याकडं पाहू लागली.

“सरांनी बोलावलं तुम्हाला?”

“नाही. मलाच उशीर झाला. तुझ्या प्रश्नाला चार महिने उत्तर दिलं नाही.”

“माझ्या कुठल्या प्रश्नाला?”

रावजींनी खिशातून पत्र काढून दिलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि गुडघ्यावर ठेवलं.

“मी असं कधीच विचारलं नाही. सरच मला विचारायचे. नवा अंक आला की. सोहनींचं बरोबर आहे ना गं? येईल ना ती?”

“आणि तू काय सांगायचीस?”

“काय सांगणार?”

बाहेर सायकलची घंटा उगीचच एकदा वाजली. फाटकाशी उभ्या माणसाचा हात लागला असावा. राजनंदिनीनं तिकडं मान वळवली नाही.

“ती पळाली असं मंडळाला वाटतं,” रावजी म्हणाले. “मलाही कधी कधी वाटतं. खरंच सांगतो.”

“पळायला अंगात बळ लागतं,” ती म्हणाली. “तिचं यान बिघडलेलं नाही. रेडिओ पण बिघडला नाही. तिनंच बंद केलाय.”

“का?”

“यंत्र दुरुस्त होत नाही तिच्याकडून. एवढंच. रेडिओ लावला की तिकडून विचारणार, झालं का? आणि तिकडं तो माणूस रात्रंदिवस बसलाय. ती करेल, ती येईल. पाणी संपत आलं तरी उठत नाही खुर्चीवरून.” ती थांबली, धाप लागली तिला. “तो शिव्या देत असता तरी तिनं लावला असता.”

रावजींनी मान वर केली. सत्तावीस भाग त्यांनीच लिहिले होते आणि सोहनींची ती खोली त्यांना स्वतःच्या खोलीइतकी ठाऊक होती. खुर्ची, टेबल, बशीनं झाकलेला चहाचा पेला, आणि आवाज ऐकायचं यंत्र.

“एक विचारू?” ती म्हणाली. “त्यांच्या खोलीत बोलायचं यंत्र होतं का?”

रावजींनी ती खोली पुन्हा नजरेसमोर आणली.

“नव्हतं. मी ठेवलंच नाही.”

“का?”

“सुचलं नाही. मला वाटलं, विश्वास ठेवणारा माणूस वाट बघतो. आणखी काय करणार?”

तिनं कपाळ गुडघ्यावर टेकलं. “ती गेल्यापासून नुसता ऐकत बसलाय तो. एकदा काही तरी बोलायचं तिच्याशी.”

“काय बोलायचं?”

“मला काय माहीत,” ती गुडघ्यांत तोंड घालून म्हणाली. “गोष्ट तुमची आहे.”

उंबऱ्यात सिंधुबाई तोंडाला पदर लावून रडत होती. नऊ दिवसांत लेकीचा एवढा आवाज तिनं ऐकला नव्हता.

फाटकाशी सर्जेराव सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते.

“बोलली? काय म्हणाली? येईल म्हणाली का ऋता?”

रावजींनी तोंड उघडलं. समोरचा माणूस इतक्या आशेनं पाहत होता, की त्याला हे तोंडावर सांगायचं म्हणजे त्याच्या हातातली सायकल हिसकावून घेण्यासारखं होतं.

“लिहून कळवतो,” ते कसंबसं म्हणाले.

“व्वा!” सर्जेराव हसले. त्या हसण्यात काही उरलेलं नव्हतं. “किती महिन्यांनी?”

आणि ते सायकलवर टांग मारून निघून गेले.

पोस्ट म्हणजे एका घराची पुढची खोली होती. काउंटरमागं रेश्मा नावाची तरुण पोस्टमास्तरीण वही लिहीत होती. रावजींनी एक आंतरदेशीय पत्र घेतलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मांडीवर ठेवून लिहायला लागले.

‘रा. रा. सर्जेराव सर यांस, सा. न. वि. वि.’ इथं पेन थांबलं. तुम्ही चुकलात, असं लिहावं? ज्यानं रोज संध्याकाळ त्या दाराशी घालवली, त्याला? आणि तुम्ही बरोबर आहात असं लिहिलं, तर तो आजही जाऊन तेच म्हणेल. पहिलं पत्र त्यांनी फाडलं. दुसरं घेतलं.

“आबा, आंतरदेशीयावर लिहायच्या आधी कच्चं लिहून काढा,” रेश्मा म्हणाली. “माझ्याकडं चारच उरलीत.”

या खेपेला त्यांनी मजकूर लिहिला तो असा :

‘सोहनींचा विश्वास बरोबर होता की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. तुमची विद्यार्थिनी माझ्यापेक्षा चांगली वाचक आहे. माझी एक चूक तिनं दाखवून दिली. तेवढी दुरुस्त करून पुढचा भाग लिहीत आहे. फार लहान आहे. छापायला देण्याआधी तुम्ही तो आज तिला वाचून दाखवावा. वाचताना आपल्या मनाचं काही जोडू नये. दारातून वाचू नये, आत जाऊन बसावं.

भाग अठ्ठाविसावा. पाणी दोन दिवसांचं उरलं होतं. सोहनी पहिल्यांदा खुर्चीवरून उठले. शेजारच्या खोलीतून त्यांनी बोलायचं यंत्र उचलून आणलं, तारा जोडल्या. सवय नव्हती, त्यामुळं वेळ लागला. ती ऐकते आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. यंत्र दुरुस्त झालं का, हे त्यांनी विचारलं नाही. तू परत येशील ना, हेही नाही. ते म्हणाले, “ऋता, जेवलीस का?”’

पुढं लिहायला जागा होती. रावजींनी ती रिकामी सोडली. सही केली, कडा थुंकीनं ओल्या करून चिकटवल्या आणि पत्ता घातला.

रेश्मानं पत्ता वाचला. “अगं बाई! सर्जेराव सर? अहो, हितनं तिसरं घर. चार पावलं चाललं की हातात देता येईल.”

“टपालानंच जाऊ दे.”

“टपाल म्हंजी मीच की. तीन वाजता मीच नेणार ते.”

“आज जाईल ना पण? नक्की?”

“त्याच गल्लीतनं घरी जाते मी.” तिनं हात पुढं केला. “आणा.”

रावजींनी पत्र दिलं नाही. ते घेऊन ते बाहेर ओट्यावर आले. भिंतीवर लाल पेटी होती. त्यांनी पत्र फटीत सरकवलं. ते निम्मं आत गेलं, तेव्हा त्यांना वाटलं, ‘जेवलीस का’ हे फारच साधं झालं. पोर आणखी मिटून गेली तर? सर रागानं फाडून टाकतील तर? अजून ओढून घेता आलं असतं.

आत रेश्माच्या किल्ल्या वाजल्या आणि रावजींनी बोटं सोडली. पेटी रिकामीच असावी, कारण पत्र पडल्याचा आवाज पत्र्यावर स्पष्ट आला.

रावजी तिथंच उभे होते. रेश्मा खांद्याला पिशवी अडकवून बाहेर आली, त्यांना थोडं बाजूला व्हायला सांगितलं आणि तिनं पेटी उघडली.